हॅरी स्टाइल्सची पिसे, मोती आणि त्यांच्याखालचे शिवणकाम

एका वाचक ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा पॉप गाणी गातो, हॅरी स्टाइल्स या इंग्लिश गायकाला गुरुस्थानी मानतो, आणि येत्या स्नेहसंमेलनात टिकल्यांचा पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ आणि खांद्यावर पिसांचा हार अशा थाटात रंगमंचावर उभा राहणार म्हणतो. ताईंना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. स्टाइल्सचा हा झगमगाट त्याच्या स्वतःच्या आवडीचा आहे की मोठ्या कंपन्यांनी त्याच्या अंगावर चढवलेले सोंग आहे, आणि मुलाने त्यातले काय उचलावे. मी सव्वीस वर्षे वेशभूषेचे काम करतो. सुरुवात नाटकाच्या कपडेपटात झाली, पुढे दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांच्या स्पर्धा आणि मंचीय कार्यक्रम आले. त्यामुळे उत्तर कपड्याच्या बाजूने देतो. संगीताबद्दल बोलण्याचा अधिकार माझा नाही.

पहिल्या प्रश्नाला सरळ होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण पोशाख हा नेहमीच घालणारा आणि शिवणारा अशा दोघांचा असतो. स्टाइल्सच्या बाबतीत शिवणारे, निवडणारे आणि पैसे ओतणारे हात कोणाचे होते हे सर्वज्ञात आहे. त्याचा वेशभूषाकार हॅरी लॅम्बर्ट ‘वन डिरेक्शन’ या त्याच्या जुन्या बँडच्या काळापासून त्याच्यासोबत आहे, आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या वर्षांतले बहुतेक मोठे पोशाख गुच्ची या इटालियन पेढीचे होते, जिची सर्जनशील धुरा 2015 च्या जानेवारीपासून 2022 च्या नोव्हेंबरपर्यंत अलेस्सांद्रो मिकेले यांच्याकडे होती. मिकेले यांनी सूत्रे हाती घेताच आठवड्याभरात पुरुषांच्या कपड्यांचा जो पहिला संग्रह उभा केला, त्यात मुलांच्या गळ्याशी रेशमी फुलगाठ बांधलेले झुळझुळीत सदरे होते. म्हणजे स्टाइल्स त्या वाटेवर येण्याआधी वाट आखली गेली होती. तरीही तोच सदरा शंभर जणांना घातला तर नव्व्याण्णवांच्या अंगावर तो भाड्याने आणलेला वाटतो. तो फरक कंपनी विकत घेऊ शकत नाही. मी कपडे चढवताना गायकाचे हात पाहतो. पोशाख उसना वाटत असेल तर माणूस सारखा बाही ओढतो, कॉलर चाचपतो, खिसा शोधतो. स्टाइल्सचे मंचावरचे चित्रण आवाज बंद करून पाहा. त्याचे हात कपड्याकडे जवळजवळ जातच नाहीत.

हे एका दिवसात साधलेले नाही, आणि आपल्या मुलाच्या नजरेतून नेमके हेच निसटले आहे असे मला वाटते. स्टाइल्सचा जन्म 1994 चा, बालपण चेशर परगण्यातल्या होम्स चॅपल या छोट्या गावातले, जिथे तो शाळेत असताना बेकरीच्या दुकानात काम करीत असे. 2010 मध्ये सोळाव्या वर्षी तो ‘द एक्स फॅक्टर’ या स्पर्धेत आला, परीक्षकांनी पाच मुलांचा ‘वन डिरेक्शन’ हा बँड जुळवला आणि तो तिसरा आला. त्या काळातला त्याचा पोशाख म्हणजे ब्लेझर, अंगाला चिकटलेली काळी जीन्स आणि पुढे घोट्यापर्यंतचे बूट; चांगला पण कोणाच्याही लक्षात न राहणारा. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सला तो पांढऱ्या कापडावर फुले छापलेला गुच्चीचा सूट घालून आला, तेव्हा पडद्याचे कापड अंगावर घेतल्याची थट्टा झाली. पण त्या सुटाचा कोट नीट पाहिला तर तो साधा पुरुषी कोटच होता; खांदे जागच्या जागी आणि लांबी नेहमीची. बदलले होते ते मुख्यतः कापड. पुढच्या पाच वर्षांत त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी छापील फुले आली, मग रंग, मग पँटची कंबर वर गेली आणि खालचा घेर वाढला, मग मोती आणि जाळीचे पारदर्शक कापड आले, आणि सगळ्यात शेवटी झगा. पाहणाऱ्याची नजर प्रत्येक पायरीवर सरावत गेली.

गुच्चीच्या सुटांच्या 2018 मधल्या जाहिरातीत त्याला सेंट ऑल्बन्समधल्या मासे आणि तळलेल्या बटाट्यांच्या एका साध्या दुकानापुढे उभे केले होते, उत्तम शिवलेला सूट अंगावर आणि हातात जिवंत कोंबडी. मला ही जाहिरात फार आवडते, कारण त्याच्या प्रतिमेची गुरुकिल्ली तिच्यात आहे. उंची कपडा आणि गल्लीतले दुकान एकत्र आणले की घालणारा स्वतःवर हसू शकतो हे दिसते, आणि स्वतःवर हसणाऱ्या माणसावर लोक रागावत नाहीत.

2019 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशनच्या वार्षिक सोहळ्याचा तो एक यजमान होता. त्या वर्षीचा विषयच मुळी अतिरेकी नखऱ्याचा होता. बाकीचे पिसांचे डोंगर आणि झुंबरे अंगावर घेऊन आले असताना हा आला काळ्या पारदर्शक सदऱ्यात, गळ्याशी फुलगाठ, बाह्यांना चुण्यांची झालर, उंच कमरेची काळी पँट आणि एकाच कानात एक लोंबता मोती. सगळे काळे, त्यामुळे तो एक मोती छायाचित्रात आधी दिसतो. इथे जरा विषयांतर करतो. पुरुषाच्या कानातला मोती पाहून आपल्याकडच्या मंडळींनी भुवया उंचावण्याचे काहीच कारण नाही. भिकबाळी घालून मिरवणारे पुरुष पेशवाईच्या चित्रांत आहेत आणि पुण्यातल्या लग्नांत व ढोलपथकांत आजही आहेत. मोती बायकांचे हा समज आपल्याकडे तरी मुळातला नाही.

2020 च्या डिसेंबरच्या अंकात ‘व्होग’च्या अमेरिकी आवृत्तीने त्याला मुखपृष्ठावर घेतले. हे मासिक 1892 पासून निघते आणि त्याच्या मुखपृष्ठावर एकटा झळकलेला तो पहिला पुरुष. टायलर मिचेल यांनी काढलेल्या त्या छायाचित्रात फिकट निळ्या रंगाचा, लेस आणि चुण्यांचा, मिकेले यांनी केलेला घेरदार झगा आहे. गदारोळ झग्यावर झाला, पण माझ्यासारख्या माणसाचे लक्ष त्यावरच्या काळ्या डिनर जॅकेटकडे जाते. ते जॅकेट काढून टाका आणि चित्र कल्पनेत पुन्हा पाहा. तो नाटकातला मुलगा वाटू लागतो. जॅकेटने खांद्यांची चौकट पुरुषाची ठेवली, म्हणून खालचा झगा वेषांतर न वाटता पोशाख वाटला. कॅन्डेस ओवेन्स या अमेरिकी भाष्यकार बाईंनी ‘मर्दानी पुरुष परत आणा’ अशा आशयाची हाक दिली. स्टाइल्सने वाद घातला नाही. काही दिवसांनी त्याने स्वतःचा केळे खातानाचा एक फोटो टाकला आणि त्याखाली बाईंचेच शब्द लिहिले. एवढेच. नामांकित वकीलही इतके आटोपशीर उत्तर देत नाहीत.

आता त्या स्वेटरविषयी, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला तो सर्वांत बोलका कपडा आहे. 2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या तालमीला तो वस्त्ररचनाकार जेडब्ल्यू अँडरसन यांचा एक विणलेला कार्डिगन घालून गेला. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या अशा जाड लोकरीच्या चौकोनी तुकड्यांचा तो ढगळ स्वेटर; आपल्या आजीने उरलेल्या लोकरीतून गोधडी विणायला घ्यावी आणि मध्येच तिला बाह्या जोडाव्यात, तसा. पुढच्या महिन्यात जगभर टाळेबंदी लागली, घरी बसलेल्या मुलामुलींनी सुया आणि लोकर हातात घेतली, आणि तो स्वेटर स्वतः विणून टिकटॉकवर दाखवण्याची लाटच आली. मूळ वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. अशा वेळी पेढ्या सहसा नकलेच्या नावाने वकिलाची नोटीस काढतात. अँडरसन यांनी जुलैमध्ये विणकामाचा नमुनाच सर्वांना फुकट खुला केला. त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तो स्वेटर आपल्या संग्रहात घेतला.

यातून काय दिसते ते पाहा. त्याचे इतर कपडे फक्त पाहायचे होते, हा करायचा होता. टाके मोजताना, तुकडे जोडताना, चुकलेली ओळ उसवताना त्या मुलांनी त्याच्या प्रतिमेत स्वतःचे काही घातले. प्रसिद्ध माणसाचा पोशाख लोकांनी उचलणे आपल्याला नवीन नाही. बालगंधर्व रंगभूमीवर लुगडे कसे नेसतात, दागिने कोणते घालतात हे पाहून घरंदाज बायका आपला साज ठरवीत असत, आणि तेव्हा तर नटाकडून कुलवधूने शिकायचे असा उलटा मामला होता. स्टाइल्सच्या मंडळींना हे फार लवकर उमगले. पुढे 2021 च्या सप्टेंबरपासून 2023 च्या जुलैपर्यंत चाललेल्या त्याच्या ‘लव्ह ऑन टूर’ या दौऱ्यात प्रेक्षकच रंगीत पिसांचे हार घालून येऊ लागले आणि कार्यक्रम संपल्यावर जमिनीवर पिसांचा सडा पडू लागला. त्याने 2021 च्या नोव्हेंबरमध्ये नेलपॉलिशचा धंदा काढला तोही याच धाग्यावर. गुच्चीचा सूट परवडत नाही त्याला बाटलीतला रंग परवडतो.

पिसांचा तो हार मुळात आला 2021 च्या मार्चमधल्या ग्रॅमी समारंभातून. अंगावर काळ्या चामड्याचा गुच्चीचा सूट, आत सदरा नाही, आणि गळ्यात हिरव्या पिसांचा जाड हार. गाणे अर्ध्यावर असताना त्याने तो हार काढून टाकला. आपल्या मुलाने हा पोशाख पाहिला असेल, पण त्यातली मोजणी पाहिली नसेल. चामडे जड आणि गंभीर, पिसे हलकी आणि वात्रट. दोन्ही एकत्र आल्यामुळे कोणतेच एक हास्यास्पद झाले नाही. शिवाय हार गळ्यात नुसता पडलेला असतो, म्हणजे क्षणात काढता येतो. माझ्या धंद्यात आम्ही मंचावरच्या पोशाखात एक तरी वस्तू अशी ठेवतो की जी गायक स्वतः काढू, फेकू किंवा कोणाला देऊ शकेल, कारण त्या एका कृतीने तीन मिनिटांच्या गाण्याला मध्य मिळतो.

मैदानी कार्यक्रमांतले त्याचे कपडे हा निराळाच अभ्यास आहे. वेम्बलीसारख्या 90 हजार प्रेक्षकांच्या मैदानात मागच्या माणसाला गायक नखाएवढा दिसतो. तिथे बारीक कशिदा फुकट जातो. दुरून दिसतात तीन गोष्टी: आकार, चमक आणि हालचाल. म्हणून उंच कमरेची पँट, जिने पाय लांब दिसतात आणि हात वर केला तरी पोट उघडे पडत नाही. म्हणून खाली मोठा घेर, जो वळताना उशिराने वळतो आणि गिरकी दिसते. म्हणून टिकल्या, ज्या प्रकाशझोत पडला की माणसाला दिव्यासारखे पेटवतात. 2022 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात त्याने अंगभर रंगीत टिकल्यांचा, वरखाली अखंड असा जंपसूट घातला होता, आणि पाहुणी म्हणून गायिका शनाया ट्वेन आली होती, जिची गाणी तो लहानपणी आईबरोबर गाडीतून जाताना ऐकत असे. आता त्याच्या पायांकडे पाहा. इतक्या झगमगाटाखाली बहुतेक वेळा सपाट तळव्याचे साधे खेळाचे बूट असतात. दोन तास धावायचे असते. ज्याने हे ठरवले त्याला मंच कळतो.

त्याच्या घडणीतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या एकट्याच्या दौऱ्यात त्याच्यासाठी कपडे करणाऱ्यांत हॅरिस रीड होता, जो तेव्हा लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी होता. जगातली कोणतीही पेढी हात जोडून उभी असताना विद्यार्थ्याकडून कपडे करून घेण्यात धोरण असेलही, पण त्यात आवडही आहे. नुसत्या धोरणाला इतकी जोखीम परवडत नाही.

हे सारे त्यानेच प्रथम केले असे मात्र समजू नये. रॉक गायक मिक जॅगरने 1969 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये पांढरा, चुण्यांचा, झग्यासारखा अंगरखा घातला होता. इंग्लिश गायक डेव्हिड बोवी तर झग्यात छायाचित्रे काढून मोकळा झाला होता. आणि ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा तर काही वर्षे आपल्याच मातीतला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकताना त्याने मित्रांसोबत पहिला बँड काढला, आणि पुढे लंडनला नाव होण्याआधी केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकण्याचा ठेला चालवला. कपड्याची नजर तिथे तयार झाली असणार. जुना कपडा विकणाऱ्याला शिवण वाचता येते.

इथे त्याच्यावरच्या आक्षेपाकडे यावे लागते, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो. कृष्णवर्णीय, समलिंगी अभिनेता व गायक बिली पोर्टर 2019 च्या ऑस्करला क्रिश्चन सिरियानो यांनी केलेला काळ्या मखमलीचा झगा घालून गेला होता, वरचा भाग टक्सिडोचा, म्हणजे पुरुषी डिनर जॅकेटचा, आणि खाली प्रचंड घेर. ‘व्होग’च्या मुखपृष्ठानंतर पोर्टरने बोलून दाखवले की ज्या गोष्टीसाठी आपण आयुष्यभर झगडलो, तिचे कौतुक एका गोऱ्या, विषमलिंगी मुलाच्या वाट्याला आले. त्याने पुढे स्टाइल्सचे नाव घेतल्याबद्दल जाहीर दिलगिरीही व्यक्त केली, पण मुद्दा व्यवस्थेचा आहे असे सांगून तो सोडला नाही. कपडे करणाऱ्याच्या नात्याने सांगतो, दोन्ही झग्यांची कल्पना जवळपास एकच आहे: वर पुरुषाचे जॅकेट, खाली स्त्रीचा घेर. पोर्टरचा झगा पावणेदोन वर्षे आधीचा आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 2022 मध्ये पुरुषांच्या पोशाखावर प्रदर्शन भरवले, तेव्हा शेवटच्या दालनात हे दोन्ही झगे ठेवले होते. तो न्याय योग्य झाला.

स्टाइल्स स्वतःच्या लैंगिकतेबद्दल काही सांगत नाही, फक्त कपडे बोलू देतो, याबद्दलही त्याच्यावर टीका होते. माणसाने खासगी आयुष्याचा हिशेब देऊ नये हे मला मान्य आहे. परंतु जी खूण दुसऱ्या कोणी मार खाऊन कमावली ती आपण अंगावर घेतो तेव्हा तिचे भाडे लागते, आणि गप्प राहून ते फिटत नाही. 2023 च्या ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे पारितोषिक घेताना, आपल्यासारख्या लोकांच्या बाबतीत हे फारसे घडत नाही अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडून गेले आणि त्यावर बरीच टीका झाली. ज्याची प्रतिमा न बोलण्यावर उभी असते, त्याचे एकच वाक्य लोक भिंगाखाली धरतात.

आता मुलाविषयी. त्याला अडवू नका, पण त्याने तिन्ही गोष्टी एकदम घालू नयेत. मोत्यांची माळ ठेवावी. ती स्वस्त मिळते, चेहऱ्याजवळ असल्याने शेवटच्या रांगेपर्यंत नाही तरी पहिल्या दहा रांगांपर्यंत दिसते, आणि पांढऱ्या साध्या सदऱ्यावरही शोभते. पिसांचा हार मी नको म्हणेन. माझ्या एका गायकाला मी हौसेने तो घातला होता. दुसऱ्या कडव्याआधी त्याने श्वास घेतला आणि पीस थेट घशात गेले. तो खोकला ध्वनिवर्धकातून अख्ख्या सभागृहाने ऐकला. स्वस्त हाराची पिसे डिंकाने चिकटवलेली असतात आणि घामाने सुटतात. घालायचाच असेल तर हनुवटीपासून वीतभर खाली, दोन्ही खांद्यांवर आतून टाके घालून बसवावा.

टिकल्यांचा पोशाख तयार विकत घेऊ नये, शिवून घ्यावा, आणि शिंप्याकडे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. आत सुती अस्तर हवे, कारण टिकल्यांचे जाळीदार कापड उघड्या अंगाला कानशीसारखे घासते. काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला टिकल्या अजिबात नकोत. तिथे त्याच रंगाच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा घालावा, ज्याला जुने शिंपी चौबगला म्हणतात, म्हणजे हात वर गेला तरी कोट वर चढत नाही. आणि माप घेताना मुलाने ताठ उभे न राहता पोटभर श्वास घेऊन गाण्याचा वरचा सूर लावावा. गाणाऱ्याची छाती तेव्हा इंचभर तरी फुगते, आणि तो इंच सोडला नाही तर बटण तिसऱ्या ओळीला जाते. पोशाख कार्यक्रमाच्या निदान आठवडाभर आधी हाती यावा, आणि रोज संध्याकाळी त्याने तो घालून घरात वावरावे, पाणी प्यावे, जेवायला बसावे, रियाज करावा. सातव्या दिवशी ताई, आपण त्याच्या हातांकडे पाहा. ते बाहीकडे जात असतील तर या वर्षी नुसत्या मोत्यांवर भागवावे. कोट पुढच्या वर्षीही अंगाला बसावा, म्हणून शिवणीत दोन बोटे कापड दाबून ठेवायला शिंप्याला आजच सांगून ठेवा.